लाल मणी आणि बाबांचा मेमो

अमेरिकेत येऊन मला बारा वर्षं झाली आणि मॅनेजर होऊन चार. त्याआधी मी निव्वळ कोड लिहीत होतो. बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमचं ऑफिस आहे. एका सोमवारी तिथे मला सांगण्यात आलं, की आजपासून ही सात जणांची टीम तुझी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवले, ऑपरेटिंग सिस्टीम शिकवली, कंपायलर शिकवला. माणसं सांभाळण्याचा पेपर काही नव्हता. त्यामुळे बहुतेक जण करतात तेच मी केलं. आधीच्या मॅनेजरला जसं वागताना पाहिलं होतं, तसा वागायला लागलो.

आमच्या टीमकडे एक जुनं मॉड्यूल होतं. दवाखान्यांची बिलं आणि विमा कंपन्यांकडून आलेले पैसे यांचा मेळ घालायचं त्याचं काम. ते एक मुलगा बघायचा. मुलगा म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा, आपल्यासारखाच भारतातून आलेला, एच-वन-बी व्हिसावर. त्याचं नाव इथे नको. दर पंधरा दिवसांनी आमचं रिलीज व्हायचं आणि एकाआड एक रिलीजनंतर त्या मॉड्यूलमध्ये काहीतरी फुटायचं. रात्री दोनला फोन वाजायचे. तो बिचारा उठून दुरुस्ती करायचा आणि सकाळी नऊला पुन्हा मीटिंगला हजर असायचा.

वर्षअखेरीला मी एक एक्सेल शीट काढली. कोणाच्या नावावर किती बग. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा होता, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दुपटीहून जास्त. आकडे खोटं बोलत नाहीत असं माझ्या इंजिनिअरी डोक्याला वाटलं. त्याच्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं, की कामात काळजी कमी पडते. चारेक महिन्यांनी कंपनीत खर्चकपात आली आणि प्रत्येक मॅनेजरकडून एक नाव मागितलं गेलं. माझ्याकडे शीट तयारच होती. मी नाव दिलं.

एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली, की त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळायचा. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मीही त्याच रांगेतून आलो होतो.

ते मॉड्यूल मग मी टीममधल्या सगळ्यांत हुशार मुलीकडे दिलं. आता रात्रीचे फोन थांबतील अशी माझी खात्री होती. तीन महिन्यांनी मी पुन्हा शीट काढली, तर सगळ्यांत मोठा आकडा तिच्या नावावर.

तो आकडा बघून पोटात गोळा आला. कोड तोच होता, बदलला होता फक्त माणूस. आणि ‘काळजी कमी पडते’ हे वाक्य या मुलीबद्दल कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला हसलो असतो.

याच सुमारास माझ्या डायरेक्टरनं पीटर सेंगे यांचं ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ माझ्या हातात ठेवलं. पुस्तक 1990 चं. सेंगे एमआयटीतले, म्हणजे आमच्या बॉस्टनच्या शेजारचेच. मॅनेजर लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल माझं मत तोवर फारसं बरं नव्हतं. विमानतळावर घ्यायचं, प्रवासात चाळायचं आणि पुढच्या सीटच्या खिशात विसरून यायचं. हेही मी ट्रेनमध्ये वाचायला घेतलं आणि खरं सांगतो, पहिल्या आठवड्यात दोनदा माझं स्टेशन झोपेत गेलं. पण त्यात एक खेळ आहे, त्या प्रकरणानं मला जागं केलं.

त्याचं नाव बिअर गेम. एमआयटीत तो 1960 च्या सुमारापासून खेळला जातो. चार जण लागतात. एक किरकोळ दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक आणि एक कारखाना. प्रत्येकानं आपल्या वरच्याकडे ऑर्डर द्यायची आणि खालच्याला माल पुरवायचा. ऑर्डर वर पोहोचायला वेळ लागतो आणि माल खाली यायलाही. आपापसांत बोलायचं नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक आठवड्याला चार पेट्या मागतं. मग एका आठवड्यात ती मागणी आठ होते आणि पुढे शेवटपर्यंत आठच राहते. बदल होतो तो एवढाच, एकदाच.

आणि तरीही दरवेळी हाहाकार होतो. दुकानात माल संपतो, दुकानदार घाबरून जास्त मागवतो. व्यापाऱ्याला वाटतं मागणी भडकली, तो त्याहून जास्त मागवतो. कारखान्यापर्यंत पोहोचता पोहोचता आठाच्या ऑर्डरी तीस-चाळीसच्या घरात जातात. मग काही आठवड्यांनी तो सगळा माल एकदम खाली येतो आणि कोणालाच नको असतो. खेळ संपल्यावर खेळाडूंना विचारलं, की बहुतेक जण सांगतात, गिऱ्हाइकाची मागणी फारच वरखाली होत होती. शिवाय शेजारचा खेळाडू मूर्ख होता.

हे वाचताना मला हसू आलं, कारण हा खेळ मी पुरणपोळीवर खेळलेला आहे.

आमच्या भागातल्या मंडळात मी दोन वर्षं गणेशोत्सवाच्या जेवणाच्या कमिटीत होतो. एका वर्षी पुरणपोळ्या कमी पडल्या. शेवटच्या तीस-चाळीस लोकांना वरण-भातावर भागवावं लागलं आणि त्यावर पुढे महिनाभर व्हॉट्सअॅपवर चर्चा झाली. पुढच्या वर्षी लोकांनी काय केलं? चौघांच्या घरानं सहा नावं नोंदवली. ‘सासूबाई येतीलच बहुतेक’ असं म्हणून. नोंदणी करणाऱ्या काकूंनी सावधगिरी म्हणून आकडा थोडा वाढवला. मी केटररला सांगताना आणखी थोडा वाढवला. केटररनं, मागच्या वर्षीची बोलणी आठवून, स्वतःच्या मनानं आणखी वाढवला. संध्याकाळी आमच्या गाडीच्या डिकीत पुरणपोळ्यांचे अकरा ट्रे. आठवडाभर ऑफिसात, जिममध्ये, शेजारच्या आयरिश आजींकडे, दिसेल त्याला मी पुरणपोळ्या वाटत होतो. खर्च डोईजड झाला म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी कमिटीनं हात आखडता घेतला, आणि पुन्हा वरण-भात!

तिन्ही वर्षी आम्ही एकमेकांना नावं ठेवली. खरं तर सगळे आपापल्या जागी शहाणपणानंच वागत होते. प्रत्येकानं आपल्यापुरती काळजी घेतली आणि त्या काळज्यांची बेरीज होऊन अकरा ट्रे झाले. यंदा दुसऱ्या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. नोंदलेली नावं आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष जेवून गेलेली माणसं, हे दोन्ही आकडे केटररसकट सगळ्यांना दिसतील असे ठेवले. मधल्या कोणी वाढवायचं नाही. ट्रे उरले दोन.

या सगळ्या विचाराचं मूळ शोधत गेलो, तर आणखी एक इंजिनिअर भेटला. जे फॉरेस्टर. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गुरांच्या रँचवर वाढलेला हा माणूस एमआयटीत व्हर्लविंड नावाच्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करत होता. कॉम्प्युटरची मॅग्नेटिक कोअर मेमरी विकसित करण्यात त्याचा मोठा वाटा. 1956 मध्ये तो एमआयटीच्या मॅनेजमेंट शाखेत गेला. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांशी त्याचं बोलणं झालं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर दोन-तीन वर्षांनी निम्म्या लोकांना घरी पाठवायची पाळी यायची. सगळे म्हणत, बाजाराची तेजी-मंदी. फॉरेस्टरनं वहीच्या पानावर रकाने आखले. माल किती, माणसं किती, ऑर्डरी किती. मग कंपनी ज्या नियमांनी माणसं घेत होती आणि काढत होती, तेच नियम वापरून आठवड्यामागून आठवडे आकडे मांडत गेला. बाजारातली मागणी अगदी स्थिर धरली, तरी कारखाना झोके खातच होता. झोका बाहेरून येत नव्हता, तो नोकरभरतीच्या नियमांमध्येच होता. पुढे 1961 मध्ये त्याचं ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक आलं आणि बिअर गेमही त्याच्याच गोटातला.

मला यातली सगळ्यांत टोचलेली गोष्ट म्हणजे ते नियम करणारी माणसं. ती काही वाईट नव्हती. आपण कारखाना सावरतो आहोत असंच त्यांना वाटत असणार. माझी शीट काढताना मलाही तसंच वाटत होतं.

मग डोनेला मेडोज यांचं ‘थिंकिंग इन सिस्टिम्स’ वाचलं. मेडोज फॉरेस्टरच्या परंपरेतल्या, 1972 च्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’च्या लेखकांपैकी एक. त्या 2001 मध्ये गेल्या. हे पुस्तक त्यांच्या मागे, 2008 मध्ये आलं. सेंगेंपेक्षा हे मला जास्त आवडलं, कारण यात उपदेश कमी आणि नळ, टाकी, वीजमीटर जास्त आहेत. टाकीतलं पाणी एकदम वाढत नाही आणि एकदम कमीही होत नाही. नळ आणि गळती यांच्यातल्या फरकावर ते अवलंबून असतं. पुण्यात गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला धावलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. पण विश्वासाची टाकी, थकव्याची टाकी, जुन्या कोडमधल्या अर्धवट कामांची टाकी, हे सगळं तसंच भरतं आणि तसंच हळूहळू रिकामं होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यात अॅमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीची गोष्ट आहे. सगळी घरं सारखी, पण काही घरांत विजेचा मीटर तळघरात आणि काहींत दर्शनी हॉलमध्ये बसवला गेला. हॉलमध्ये मीटर असलेल्या घरांत वीज एक तृतीयांश कमी वापरली गेली. ना दर वाढवला, ना दंड लावला. येता-जाता मीटरचं चाक फिरताना दिसत होतं, बस्स.

मग मी एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि त्या मॉड्यूलचं चित्र काढलं. बग झाला, की तातडीची दुरुस्ती. दुरुस्ती तातडीची, म्हणून टेस्टिंगला वेळ कमी. टेस्टिंग कमी, म्हणून पुढचे बग. बाण फिरून पुन्हा पहिल्या जागी. हे अर्थातच आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण चित्र काढल्यावर त्यात मीही कुठेतरी यायला हवा होतो. मी दोन ठिकाणी आलो.

पहिलं म्हणजे, रात्री जागून दुरुस्ती करणाऱ्याचं मी सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून कौतुक करत होतो. ज्याच्या भागात काही फुटतच नव्हतं, त्याचं कौतुक मी कधी केलं नव्हतं, कारण तो मला दिसतच नव्हता. दुसरं म्हणजे, टीममधला कोणी रिकामा बसता कामा नये हा माझा हट्ट. शंभर टक्के काम वाटून दिलेलं. मग तातडीचं काही आलं, की ते कोणत्या तरी ठरलेल्या कामाच्या टेस्टिंगमधूनच वेळ खाणार.

रांगांचं गणित खरं तर आम्हाला कॉलेजात होतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. एक डॉक्टर घ्या. पेशंट केव्हाही येतात आणि प्रत्येकाला कमीजास्त, पण सरासरी दहा मिनिटं लागतात. डॉक्टर निम्मा वेळ कामात असेल, तर पेशंटला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. ऐंशी टक्के कामात असेल तर चाळीस मिनिटं. नव्वद टक्क्यांना दीड तास. पंचाण्णव टक्क्यांना तीन तासांहून जास्त. म्हणजे शेवटचे पंधरा टक्के पिळून काढायला गेलं, की रांग जवळपास पाचपट होते. डॉक्टर तोच आणि तेवढाच हुशार. माझ्या टीमला मी शंभर टक्क्यांवर बसवलं होतं आणि रांग का लागते म्हणून रागावत होतो.

ते मॉड्यूल सगळ्यांत जुनं, विमा कंपन्यांचे नियम बदलले की सगळ्यांत आधी त्यालाच हात लागायचा, आणि सगळ्या घाईच्या गोष्टी शेवटी तिथेच येऊन साचायच्या. तिथे कोणीही बसलं असतं, तरी त्याचाच आकडा मोठा आला असता. माझी शीट माणसांची मोजदाद करत नव्हतीच. कोण कुठल्या खुर्चीवर बसलाय, एवढंच ती सांगत होती.

हे सगळं डोक्यात असतानाच मी डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग वाचला. डेमिंग म्हणजे 1950 मध्ये जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. आपल्या व्याख्यानांत तो एक पेटी घेऊन यायचा. तीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल आणि बाकी पांढरे. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ निवडायचे. प्रत्येकानं पन्नास खळग्यांची एक फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. सरासरी दहा लाल येणारच. कधी सहा, कधी चौदा. मग डेमिंग गंभीर चेहऱ्यानं सहावाल्याला शाबासकी द्यायचा, चौदावाल्याला सगळ्यांसमोर झापायचा, भिंतीवर घोषणा लावायचा आणि शेवटी ‘नालायक’ कामगारांना कामावरून काढून टाकायचा. पुढच्या फेरीत लाल मणी तेवढेच. पेटीत काय भरायचं, हे कामगाराच्या हातात कधी नव्हतंच.

मी लॅपटॉपवर दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून हा प्रयोग हजारदा चालवला. दरवेळी कोणीतरी ‘उत्तम’ निघायचा आणि कोणीतरी ‘काळजी कमी पडणारा’. निव्वळ नशिबानं.

त्या रविवारी बाबांना फोन केला, तेव्हा गंमत म्हणून त्यांना हे मणी सांगितले. बाबा पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होते, निवृत्त होऊन आता आठ-नऊ वर्षं झाली. मला वाटलं हसतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला एकदा मेमो मिळाला होता, तुला माहितीये का?”

मला माहीत नव्हतं.

“तू चौथीत-पाचवीत असशील. माझ्या मशीनवर रिजेक्शन फार येत होतं. जॉबला तडे जायचे. मी सुपरवायझरला सांगितलं, साहेब, पत्रा बघा, जाडी एकसारखी नाहीये. तो म्हणाला, शेजारच्या मशीनवर कसे जात नाहीत तडे? आता शेजारच्या मशीनवर पत्रा दुसऱ्या पार्टीचा होता. पण ते बघायला स्टोअरपर्यंत कोण जाणार? मेमो आला. निष्काळजीपणा, असं लिहिलं होतं त्यात. त्या वर्षीची वाढ अडकली.”

“मग बाबा, तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? सही करून घेतला. तुझ्या आईला सांगितलं नाही. आठ महिन्यांनी पार्टी बदलली, तडे बंद झाले. मला कोणी येऊन काही बोललं नाही. मेमो फाइलला राहिला तो राहिलाच.”

‘निष्काळजीपणा’ हा शब्द ऐकला आणि मला माझंच वाक्य आठवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, जरा सभ्य भाषेत, पण शब्द तोच. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या सुपरवायझरनं स्टोअरपर्यंत जायचे कष्ट घेतले नाहीत, त्याच्या जागी मी होतो. बाबांना मी त्या दिवशी माझ्या टीमबद्दल काही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

पुढे टीममध्ये काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते काही फार थोर नाही. दर पंधरवड्याला एक पंचमांश वेळ मुद्दाम मोकळा ठेवला. तातडीची कामं किती आली आणि कोणी पाठवली याचा आकडा सगळ्यांना दिसेल असा भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला, तो हॉलमधला मीटर आठवून. त्या मॉड्यूलवर एकाऐवजी दोघं बसायला लागले. नावानिशी बग मोजणारी शीट बंद केली. रात्रीच्या दुरुस्तीच्या टाळ्याही थांबवल्या आणि काही फुटलं, तर ‘कोणी केलं’ याऐवजी ‘हे आधी का दिसलं नाही’ यावर तासभर बोलायचं ठरवलं.

पहिले दोन महिने परिस्थिती आणखी बिघडली. बग तेवढेच आणि काम कमी. वरून विचारणा सुरू झाली. आपल्याकडे सोलरच्या गरम पाण्याचा नळ सोडला, की पाइपात साचलेलं गार पाणी आधी बाहेर पडतं. तेव्हा कंटाळून नळ बंद केला, तर गरम पाणी कधीच येत नाही. सेंगे आणि मेडोज दोघंही या उशिराबद्दल बजावतात. तरी प्रत्यक्ष त्या दोन महिन्यांत पुस्तक आठवत नाही, डायरेक्टरचा चेहरा आठवतो. माझं नशीब, की पुस्तक त्यांनीच दिलं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रात्रीचे फोन विरळ झाले. अजूनही येतात, पण कोणाचं नाव पुढे येईल या भीतीनं कोणी गोष्टी लपवत नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

या पुस्तकांबद्दल एक तक्रारही नोंदवतो. ती वाचून माणसाला सगळीकडे वर्तुळं दिसायला लागतात. मी काही दिवस बायकोशी बोलतानाही ‘ही फीडबॅक लूप आहे’ असं म्हणायचो. तिनं एकदा शांतपणे विचारलं, “या लूपमध्ये भांडी कोण घासतं?” त्यानंतर घरी तो शब्द बंद झाला. पण तिच्या प्रश्नात तथ्य होतं. ‘सगळा दोष सिस्टीमचा’ असं म्हटलं, की कोणाचाच दोष राहत नाही आणि ते फार सोयीचं असतं, विशेषतः मॅनेजरला. डेमिंगच्या पेटीत लाल मणी कोणीतरी भरलेले असतात. कामगाराला पेटी बदलता येत नाही, पण मॅनेजरला थोडीफार येते. म्हणून सिस्टीमचा दोष म्हणजे बऱ्याच वेळा माझाच दोष, असा मी त्याचा अर्थ लावतो. खरोखर कामचुकार माणसंही असतात, नाही असं नाही. पण ती ओळखण्याआधी स्टोअरपर्यंत जाऊन पत्रा बघून यायचा असतो.

या वर्षी जानेवारीत मी त्या मुलाला ईमेल लिहिली. तीन-चारदा लिहून खोडली. शेवटी सरळच लिहिलं, की तुझ्या रिव्ह्यूमध्ये मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुझ्यानंतर त्या जागी जो बसला, त्याचंही तेच झालं आणि कारण तू नव्हतास. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कोणाला शिफारस हवी असेल तर माझं नाव दे. त्याचा इमिग्रेशनचा धागा तुटला की टिकला, हेही मला तोवर माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली होती.

दहा दिवस उत्तर आलं नाही. मग चार ओळी आल्या. त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली, आता टेक्ससमध्ये आहे, मुलगी झाली. पत्राबद्दल धन्यवाद. माफ केलं वगैरे त्यात काही नव्हतं आणि मी ते मागितलंही नव्हतं. शेवटी विचारलं होतं, “ते मॉड्यूल आता कोण बघतं? त्यातला तारखांचा घोळ निस्तरला का? मी त्यावर एक नोट लिहून ठेवली होती.”

मी शोधलं. नोट होती. त्याच्या रिव्ह्यूच्या दोन महिने आधीची. त्यात त्यानं साधारण तेच लिहिलं होतं, जे मला दीड वर्षानं पुस्तकं वाचून समजलं. तातडीचे बदल कुठून येतात, टेस्टिंग कुठे तुटतं, काय केलं तर कमी होईल. ती वाचलेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

आता बाबांना मी हे सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, “चूक तर झालीच. पण तू पत्र तरी लिहिलंस.” मग विषय बदलून पाऊसपाण्याचं विचारलं.

परदेशात असो की पुण्यात, नुकतंच कोणी मॅनेजर झालं असेल आणि ही पुस्तकं वाचायची असतील, तर माझ्या मते सुरुवात मेडोजबाईंपासून करावी. पुस्तक छोटं आहे, गणित जवळपास नाही. सेंगे त्यानंतर, जमेल तसे. पण त्याही आधी टीममधल्या ज्याचा आकडा सगळ्यांत वाईट आहे, त्यानं लिहिलेली एखादी नोट कुठे पडून आहे का, ते बघावं.